अल्बेनियातील ख्रिश्चनांचा छळ

अल्बेनियातील ख्रिश्चनांचा छळ म्हणजे आग्नेय युरोपातील अल्बेनिया या देशात कम्युनिस्ट राजवटीने (१९४४–१९९१) कॅथलिक व ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांवर केलेली दडपशाही होय. सोव्हिएत संघात छळ झाला तरी उपासनेचा हक्क राज्यघटनेत कागदोपत्री शिल्लक होता. अल्बेनियाने तोही ठेवला नाही. बहुसंख्य मुस्लिमांनाही हीच बंदी लागू होती.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास देशात अंदाजे ७० टक्के मुस्लिम, २० टक्के ऑर्थोडॉक्स आणि १० टक्के कॅथलिक होते. कॅथलिक संख्येने सर्वांत कमी असूनही प्रथम तेच भरडले गेले. व्हॅटिकनशी असलेले त्यांचे नाते आणि १९३९मध्ये इटलीने देशावर मिळवलेला ताबा, यांमुळे एन्व्हर होजा यांच्या सरकारने त्यांना परकीय हस्तक ठरवले. १९४६मध्ये इटालियन जेझुइटांना हाकलण्यात आले. आर्चबिशप विन्सेन्स प्रेनुशी १९४९मध्ये तुरुंगात मरण पावले.

१९६७ची बंदी

फेब्रुवारी १९६७मधील होजा यांच्या भाषणानंतर तरुणांच्या जथ्थ्यांकरवी प्रार्थनास्थळे बंद पाडण्यात आली. चर्च, मठ व मशिदी मिळून त्यांची संख्या २,१६९ होती. काही पाडली गेली, काहींची गोदामे झाली. श्कोडर येथील कॅथेड्रल क्रीडागृह बनले. १९७६च्या राज्यघटनेतील कलम ३७ने राज्य कोणताही धर्म मानत नाही, असे जाहीर केले. धार्मिक प्रचारास ३ ते १० वर्षे कैदेची शिक्षा होती.

बंदीची खरी धार घरात जाणवे. क्रूस बाळगणे किंवा उपवास पाळणे संशयास्पद ठरे. १९७५च्या हुकुमाने धार्मिक नावे बदलण्याची सक्ती आली. एका मातेच्या विनंतीवरून तिच्या मुलाला बाप्तिस्मा दिल्याबद्दल कैदेतील वृद्ध धर्मगुरू श्टेफेन कुर्ती यांना १९७०च्या दशकाच्या आरंभी मृत्युदंड देण्यात आला. एर्नेस्ट सिमोनी यांना २४ डिसेंबर १९६३ रोजी, नाताळच्या मिस्सेनंतर अटक झाली. मृत्युदंडाऐवजी त्यांना सक्तमजुरी मिळाली. ग्रंथ हाताशी नसल्याने ते तुरुंगात लॅटिन मिस्सा पाठ म्हणून अर्पण करीत. १९८१मध्ये सुटल्यावरही त्यांना गटारांत काम करावे लागले.

मदर तेरेसा

जन्माने अल्बेनियन आणि पुढे भारतीय नागरिक झालेल्या मदर तेरेसा यांची आई व बहीण तिरानात राहत होत्या. दोघींना देश सोडण्याची परवानगी मिळाली नाही आणि मदर तेरेसांनाही तेथे प्रवेश नव्हता. आई १९७२मध्ये वारली, पुढे बहीणही गेली. अखेर १९८९मध्ये मदर तेरेसांना देशात येऊ दिले, तेव्हा भेटीसाठी केवळ कबरी उरल्या होत्या.

बंदीचा शेवट

४ नोव्हेंबर १९९० रोजी श्कोडरच्या दफनभूमीत सिमोन युबानी यांनी हजारोंच्या उपस्थितीत उघडपणे मिस्सा साजरी केली. सरकार अद्याप कम्युनिस्टांचेच होते, पण ती रोखण्यात आली नाही. एप्रिल १९९३मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्कोडर येथे चार बिशपांना दीक्षा दिली. ५ नोव्हेंबर २०१६ रोजी ३८ हुतात्म्यांना धन्य घोषित करण्यात आले. त्याच महिन्यात सिमोनी कार्डिनल झाले.