घरी गाणं ऐकायला हेडफोन घेताय? खोक्यावरचे आकडे नंतर, आधी आपलं घर बघा

बेळगाव : आमच्या घरी रात्री नऊनंतर एकच प्रश्न असायचा. आप्पांना नाट्यगीतं ऐकायची आणि त्याच हॉलमध्ये पोरीला एसएसएलसीचा अभ्यास करायचा. तोडगा म्हणून मी बाजारातून 450 रुपयांचा हेडफोन आणला. तीन महिन्यांत त्याची उजवी बाजू बंद पडली. दुसरा 600 चा आणला, तो पिनेपाशी तुटला. तिसरा 1,200 चा वायरलेस होता. त्यात ढम्ढम् भरपूर, पण गाण्याचे शब्द कळेनात, म्हणून आप्पा आवाज वाढवत गेले. एका रात्री त्यांच्या कानावरचं गाणं मला चार हातांवरून ऐकू आलं, तेव्हा चूक लक्षात आली. एकूण 2,250 रुपये गेले आणि वर कानांना त्रास. कॉमर्स शिकलेल्या माणसानं हा हिशेब आधीच मांडायला हवा होता.

तो हिशेब आता वाचकांसाठी मांडतोय. मुद्दा एकच आहे : जो हेडफोन कमी आवाजातही स्पष्ट ऐकू येतो, तो चांगला. बाकी सगळं त्यानंतर.

उघडा की बंद?

कानाला पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनचे दोन प्रकार असतात. बंद प्रकारात मागची बाजू झाकलेली असते. आवाज बाहेर फारसा जात नाही आणि बाहेरचा आतही कमी येतो. उघड्या प्रकारात मागे जाळी असते. आवाज मोकळा लागतो, गायक डोक्यात न बसता समोर बसल्यासारखा वाटतो, कानही कमी तापतात. पण शेजारी बसलेल्याला तुमचं गाणं ऐकू जातं, आणि पंख्याची घरघर, मिक्सर, गल्लीतल्या गाड्या हे सगळं तुमच्या कानात येतं.

म्हणून साधा नियम : एकाच खोलीत दुसरं कोणी झोपत किंवा अभ्यास करत असेल तर बंद प्रकार घ्या. स्वतंत्र, शांत खोली असेल तर उघडा. फक्त कानावर टेकणारे छोटे हेडफोन तासभर ऐकायला बरे, पण त्यानंतर बहुतेकांचे कान दुखतात.

वायर की ब्लूटूथ?

घरी एका जागी बसून ऐकणार असाल तर त्याच पैशात वायरवाला हेडफोन बहुधा जास्त चांगला आवाज देतो. वायरलेसमध्ये बॅटरी, ब्लूटूथ, माईक या सगळ्यांचा खर्च त्याच किमतीत बसवलेला असतो. शिवाय बॅटरी काही वर्षांत दमते आणि बऱ्याच मॉडेलमध्ये ती बदलता येत नाही. वायरवाल्याची गादी आणि वायर बदलता येत असेल तर तो दहा वर्षंही चालतो.

तरीही स्वयंपाक करताना, घरात फिरताना ऐकायचं असेल तर वायरलेसच सोयीचा. मग एक बघा : आयफोन असेल तर हेडफोनमध्ये एएसी हवं, अँड्रॉइड असेल तर एलडॅक किंवा अ‍ॅपटीएक्स असल्यास चांगलं, पण तेच फोनमध्येही हवं. टीव्हीसाठी साधं ब्लूटूथ घेतलं तर ओठ आधी हलतात आणि बोलणं मागून येतं, हा अनुभव अनेकांना आहे. बाहेरचा आवाज दाबणारी नॉइज कॅन्सलिंगची सोय बस-रेल्वेत उपयोगाची. घरी तिच्यासाठी जादा पैसे मोजायची गरज क्वचितच पडते.

खोक्यावरचे आकडे

20 ते 20,000 हर्ट्झ हे जवळपास प्रत्येक खोक्यावर असतं. त्यावरून आवाज कसा आहे ते कळत नाही. 'एक्स्ट्रा बास' म्हणजे तर आपल्या कामाचा उलटा प्रकार. शब्द आणि सूर त्याखाली दबतात.

दोन आकडे मात्र खरंच बघा. पहिला ओहम. 16 ते 50 ओहमचा हेडफोन मोबाईलवर सहसा नीट वाजतो. 250 किंवा 300 ओहमवाल्याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो, नाहीतर आवाज बारीक येतो. दुसरा डेसिबलमधली संवेदनशीलता. तेवढ्याच विजेवर किती मोठा आवाज निघेल, ते हा आकडा सांगतो. तो 3 ने कमी असेल तर तितक्याच आवाजाला दुप्पट वीज लागते.

मोबाईलला, टीव्हीला जोडताना

नव्या अनेक मोबाईलना गोल पिनेचं भोक नसतं. त्यासाठी यूएसबी-सी अडॅप्टर लागतो. घेताना 'आत डॅक आहे का' असं विचारा. डॅक म्हणजे डिजिटल गाण्याचं आवाजाच्या विजेत रूपांतर करणारी चिप. ती नसलेले स्वस्त अडॅप्टर सगळ्या फोनवर चालत नाहीत. बऱ्याच नव्या टीव्हींनाही हेडफोनची पिन नसते, फक्त ऑप्टिकल असतं. टीव्हीची मागची बाजू आधी बघा, मगच दुकानात जा.

किती पैसे, काय मिळेल?

किमती सणासुदीला वरखाली होतात, म्हणून टप्पे सांगतो. दीड हजाराखाली टिकाऊपणा नशिबावर. तीन ते सहा हजार ही घरच्या ऐकण्यासाठी खरी किफायतशीर पट्टी. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम20एक्स या वर्गातला, बंद प्रकारचा, 47 ओहमचा. वायर त्याला कायमची जोडलेली आहे. वरच्या पायरीवरच्या एम40एक्सची वायर काढता येते. सोनीचा एमडीआर-7506 स्टुडिओत वर्षानुवर्षं वापरला जातो. तो बंद प्रकारचा आहे आणि आवाज स्वच्छ, पण काहींना थोडा टोकदार लागतो. उघड्या प्रकारात फिलिप्सचा एसएचपी9500 हा 32 ओहमचा, म्हणजे मोबाईलवरही चालणारा. आठ हजारांच्या पुढे सुधारणा होते, पण पैसे वाढतात त्या मानाने नाही.

दुकानात कसं तपासायचं?

दुकानदार लावून दाखवतो ते गाणं नको. आपल्या ओळखीचं रेकॉर्डिंग मोबाईलमध्ये घेऊन जा. आपल्या भागाला त्याची काय कमी? कुमार गंधर्व 1924 मध्ये इथल्याच सुळेभावीत जन्मले आणि 1948 पासून इंदूरजवळच्या देवासला राहिले. त्यांचं कुठलंही ओळखीचं गाणं लावा आणि चार गोष्टी ऐका.

1. मागचा तानपुरा सतत ऐकू येतो का, की गाणं सुरू झालं की हरवतो?
2. तबल्याच्या डग्ग्यावरची घीस नुसती 'धब्' वाटते, की सूर वर-खाली सरकताना कळतो?
3. भजनातल्या टाळांचा आवाज कानात टोचतो का?
4. आवाज निम्म्यावर आणल्यावर शब्द कळतात का?

जुनी रेकॉर्डिंग मोनो असतात. त्यात दोन्ही कानांत सारखंच ऐकू येणं हा दोष नाही, आणि खरखर असली तर ती मूळची. उलट मोनो गाणं एका बाजूला झुकलेलं वाटलं तर हेडफोनमध्ये गडबड आहे. शेवटी दहा मिनिटं डोक्यावर ठेवून बघा. चष्मा असेल तर चष्म्यासकट. कानशिलं आवळत असतील तर तो ठेवून द्या.

बिल आणि वॉरंटी

आपल्याकडे कोणी कोल्हापुरातून आणतं, कोणी पणजीतून, कोणाचा भाऊ आखातातून. देशात घेतलेल्या मालाची कंपनी वॉरंटी सहसा राज्य बदललं तरी चालते, पण दुकानदाराचं 'बदलून देतो' हे त्याच्या दुकानापुरतंच. परदेशातून आणलेल्याची वॉरंटी बहुतेक वेळा इथे चालत नाही. जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे, ते घेण्याआधी विचारा. जीएसटी क्रमांकाचं पक्कं बिल घ्या. नामांकित मॉडेल निम्म्या किमतीत मिळत असेल तर ते बनावट समजा. वायरलेस हेडफोनवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

कान परत मिळत नाहीत

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो. आवाज 90 वर गेला की हीच मर्यादा फक्त 4 तासांवर येते. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. डेसिबल मोजायला कोण बसणार? म्हणून सोपी खूण : मोबाईलचा आवाज साधारण 60 टक्क्यांच्या आत, आणि शेजारच्याला ऐकू जात असेल तर नक्की जास्त. हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर तो इशारा समजा. घरातलं वयस्कर माणूस चांगल्या हेडफोनवरही आवाज वाढवतच असेल, तर नवीन हेडफोन नको, कानाच्या डॉक्टरांकडे न्या.

आप्पांसाठी शेवटी वायरवाला, बंद प्रकारचा हेडफोन घेतला. आधीच्या तिघांवर गेले त्याच्या दुप्पट पैसे गेले. पण आता आवाजाची पट्टी निम्म्याच्या वर जात नाही, आणि पोरीचा अभ्यास त्याच हॉलमध्ये चालतो. मध्येच आप्पा स्वतःशी मोठ्यानं गुणगुणतात. त्यावर मात्र अजून उपाय सापडलेला नाही.