टेंभुर्णीतील चौक व रस्त्यावरील लोकजीवन

टेंभुर्णी हे सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील, पुणे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ वरील मोठे गाव आहे. जुन्या क्रमवारीत हा महामार्ग क्रमांक ९ म्हणून ओळखला जाई. करमाळा, कुर्डुवाडी, पंढरपूर आणि अकलूज या चारही दिशांना येथून रस्ते फुटतात. त्यामुळे गावाच्या सार्वजनिक जीवनाचे केंद्र पार किंवा चावडीपेक्षा रस्त्यांचे चौक व एस.टी. स्थानक हेच झाले आहे. गावात रेल्वे नाही. जवळचे जंक्शन कुर्डुवाडी सुमारे २० किलोमीटरवर आहे. साहजिकच एस.टी. आणि 'वडाप' नावाने ओळखल्या जाणाऱ्या खासगी जीपगाड्या यांवर प्रवाशांची भिस्त असते. चहाच्या टपऱ्या, वडापावचे गाडे व फळांच्या हातगाड्या यांचा व्यवसाय या थांब्यांभोवतीच चालतो.

चौकात काय विकले जाते, हे बऱ्याच अंशी उजनी धरणाने ठरवले आहे. भीमा नदीवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि ज्वारीच्या या कोरडवाहू मुलखात ऊस व केळी आली. जलाशयातील चिलापी मासा परिसरातील खाणावळींत मिळतो.

साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, गळीत हंगामात, रस्त्याचे रूप पालटते. दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि ऊसतोड मजुरांच्या टायरगाड्या कारखान्यांकडे जात असतात. मजूर उसाचे वाढे पेंढ्या बांधून वैरणीसाठी विकतात. ही त्यांची मजुरीव्यतिरिक्त होणारी रोख कमाई होय. मात्र मागे परावर्तक नसलेली उसाची वाहने अंधारात दिसत नाहीत. पादचारी व दुचाकीस्वार यांना त्यांचा धोका सर्वाधिक असतो.

आषाढी-कार्तिकीला पंढरपूरकडे जाणाऱ्या वाहनांची व वारकऱ्यांची वर्दळ वाढते. संत तुकाराम महाराजांची पालखी मात्र इंदापूरहून सराटी-अकलूजमार्गे जाते. ती टेंभुर्णीत येत नाही.

महामार्गाच्या चौपदरीकरणात गावाबाहेरून बाह्यवळण रस्ता निघाला. त्यामुळे जड वाहतुकीचा भार हलका झाला, पण जुन्या रस्त्यावरील उपाहारगृहांचे वाटसरू गिऱ्हाईकही त्याच वाटेने वळले. आसपासच्या खेड्यांतून खते, बियाणे, औषधे व किराणा यांसाठी येणारा ग्राहक चौकाला टिकून आहे. बाह्यवळणावर उतरणाऱ्या प्रवाशाला गावात येण्यासाठी पुन्हा रिक्षा अथवा वडाप शोधावी लागते.