योशीच्या आईबापांच्या सह्या

१९९२ च्या ऑक्टोबरात आम्ही ह्यूस्टनला नवीनच होतो. हॅलोवीनला मुलांनी कुणाच्याही दारात जाऊन खाऊ मागायचा, ही इथली रीत आम्हांला फार गोड वाटली होती. तेवढ्यात शेजारच्या लुईझियानातून, बॅटन रूजहून, ती बातमी आली.

योशिहिरो हात्तोरी, वय १६, नागोयाहून वर्षभर शिकायला आलेला. १७ ऑक्टोबरला हॅलोवीनच्या पार्टीला निघाला आणि घर चुकून दुसऱ्याच दारी गेला. घरमालक रिव्हॉल्वर घेऊन बाहेर आला, 'फ्रीझ' म्हणून ओरडला. योशी थांबला नाही. शब्द त्याला कळला नसावा. एकच गोळी, छातीत. खरे सांगायचे तर मलाही कळला नसता. आमच्या लेखी फ्रीज म्हणजे दूध ठेवायचे कपाट! मे १९९३ मध्ये ज्यूरीने घरमालकाला निर्दोष सोडले.

मला नवल वाटते ते मासाइची आणि मिएको ह्या आईबापांचे. अमेरिकेला शिव्या देत ते घरी बसले नाहीत. इथल्या घराघरांतली बंदूक हटावी म्हणून त्यांनी जपानमध्ये सह्या गोळा केल्या, सुमारे १७ लाख, आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांची भेट घेतली. त्याच महिन्याच्या ३० तारखेला ब्रेडी कायद्यावर सही झाली. पिस्तूल विकण्यापूर्वी गिऱ्हाइकाची चौकशी, तीसाठी पाच दिवसांची मुदत. हे विधेयक १९८७ पासून रखडले होते; ह्या सह्यांनीच ते पार पडले म्हणणे भाबडेपणाचे होईल. शिवाय रीतसर घेऊन घरात ठेवलेल्या बंदुकीला तो कायदा हात लावतच नव्हता.

ती चौकशी आपली आपणच करायची. २००० साली 'आस्क' नावाची मोहीम निघाली, ती ह्याचसाठी: मुलाला खेळायला पाठवण्यापूर्वी त्या घरी बंदूक आहे का, कुलपात आहे का, हे विचारा. आपल्या लोकांना हे जमत नाही. जेवायला बोलावणाऱ्याला असे कसे विचारायचे?

आमची मुलगी मैत्रिणीकडे रात्री राहायला निघाली तेव्हा सौ.ने फोनवर विचारले. मी शरमेने खोलीबाहेर गेलो. पलीकडची बाई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आहे हो. कपाटाच्या वरच्या फळीवर. कुलूप नाही."

त्या रात्री दोघी मुली आमच्याकडे झोपल्या.