काट्यापासून बिलापर्यंतची तार

१९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की ऊस आल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्या. ते मिळतात का, हा विषय जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत निघतोच. माझं काम त्याच्या आधीचं. काट्यावरचं वजन, शेती खात्यातली नोंद आणि अकाउंट्सची वजावट एका ठिकाणी आल्याशिवाय बिल छापत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कारखान्यांत या तिघांना एकमेकांशी बोलायला लावण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली.

सुरुवातीला सगळं फॉक्सप्रोत होतं. सर्व्हरवर नोव्हेलचं नेटवेअर आणि टेबलांखालून गेलेली कोअॅक्सियल वायर. तिच्या दोन्ही टोकांना ५० ओमचा टर्मिनेटर लागायचा. झाडताना कुंचा लागून त्यातला एक सैल झाला की अख्खं हापिस ठप्प. डेटाबेस म्हणजे तरी काय, एका फोल्डरातल्या डीबीएफ फायली. लिहिता लिहिता लाईट गेली की इंडेक्स बिघडायचा. मग फाईल उघडायची, पण त्यातला सभासद सापडायचा नाही. खातं जाग्यावर आणि खातेदार गायब! सगळ्यांना बाहेर काढून रीइंडेक्स मारायचा, तोवर चहा.

खरा त्रास काट्याचा. गाडीचं भरती वजन आणि रिकामं वजन काट्याच्या डिस्प्लेवर दिसतं, ते सिरियल केबलनं संगणकात यायचं. एका हंगामात रात्री निरोप आला, "साहेब, काटा बोलंना झालाय." गेलो, तर डिस्प्लेवर वजन व्यवस्थित, स्क्रीनवर मात्र चौकोन आणि प्रश्नचिन्हं. बाहेर बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग, चिटबॉय चिठ्ठ्या धरून उभा. अशा वेळी आधी केबल काढायची, संगणकाकडच्या टोकाच्या २ आणि ३ नंबरच्या पिना तारेच्या तुकड्यानं जोडायच्या आणि हायपरटर्मिनलमध्ये काहीतरी टाईप करायचं. टाईप केलेलं परत आलं तर पोर्ट शाबूत. ते आलं. मग उरतो वेग. काटा २४०० नं पाठवत होता, संगणक ९६०० नं ऐकत होता; दुपारी कुणीतरी सेटिंगला हात लावला होता. टाईप केलेलं परत आलंच नाही तर पोर्ट गेला असं समजायचं. हंगामाच्या शेवटी वळिवाची वीज कडाडली की असे पोर्ट जळायचे.

याच काळात, १९९८ मध्ये, तात्यासाहेब कोऱ्यांनी उभ्या केलेल्या वारणानगरात 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाची कल्पना, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची मदत, कोल्हापूर-सांगलीतली ७० गावं. उसाची नोंद, तोडणी, वजन हे गावातल्याच संगणकावर बघता यावं, असा बेत. पण गावातली वीज आणि जुनी होत जाणारी यंत्रं मध्ये आली. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी सात गावांत गावातला संगणक बाजूला काढून तीच माहिती मोबाईलवर एसएमएसनं मागवून पाहिली, आणि ते चाललं. मला ते पटलं. रोज तुटणारा सांधा रोज जोडत बसण्यापेक्षा तो काढलेला बरा.

कारखान्याच्या आतला सांधा मात्र काढता येत नाही. संचालकांना रोजचं गाळप एक्सेलमध्ये हवं झालं आणि एक्सेलला डेटाबेसशी जोडणारं ओडीबीसी आलं. नवे संगणक ६४ बिटचे, फॉक्सप्रोचा ड्रायव्हर ३२ बिटचा. कंट्रोल पॅनेल उघडलं तर यादीत ड्रायव्हरच नाही. तो असतो, पण वेगळ्या खिडकीत, आणि त्यात विंडोजची थट्टा अशी की ६४ बिटची खिडकी सिस्टीम३२ मध्ये आणि ३२ बिटची सिसवाव६४ मध्ये. दोन्ही फायलींचं नाव ओडीबीसीएडी३२. हे ज्यानं ठरवलं त्याला एक हंगाम काट्यावर बसवावं.

एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस आला तेव्हा फोनवरची तक्रार बदलली. सर्व्हरवर बसून सगळं चालतं, शेजारच्या टेबलावरून नाही. त्या फुकटच्या आवृत्तीत टीसीपी/आयपी मुळात बंदच असतं. ते चालू करायचं, पोर्ट १४३३ पक्का करायचा, सर्व्हिस पुन्हा सुरू करायची, फायरवॉलमध्ये तेवढीच वाट ठेवायची. पोरं आधी पासवर्ड बदलत बसतात. पासवर्ड चुकला तर सर्व्हर तसं सांगतो. सर्व्हर सापडतच नसेल तर पासवर्डाचा संबंध येतोच कुठं?

आणि एवढं जुळलं तरी नावं येत नाहीत. जुन्या डीबीएफमधली मराठी फाँटच्या सांकेतिक अक्षरांत भरलेली; युनिकोड त्यात कुठलं? जोडणी हिरवी दिसते, आकडे बिनचूक उतरतात आणि सभासदाच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी. त्याला ड्रायव्हर नाही, फाँटप्रमाणे कन्व्हर्टर लिहावा लागतो, आणि जोडाक्षरं तरीही हातानंच तपासावी लागतात. म्हणून अहवालांसाठी नवीन पॉवर बीआय जोडताना आधी पिंग, मग पोर्ट, मग ड्रायव्हर आणि मग एखाद्या कुलकर्णींचं नाव उघडून बघतो. र्‍ह, र्ण, र्य असलं र चं जोडाक्षर नीट उतरलं असेल तरच पंधरवड्याचं बिल छापायला सोडतो.