जंगल आमचं माहेर

झाडांचा विषय निघाला की आपण म्हणतो, "ते वनखात्याचं काम." आज आजच्या उत्तराखंडातल्या, चमोली जिल्ह्यातल्या रेणी गावच्या बायकांची हकिगत ऐकू या.

१९७० साली अलकनंदा नदीला मोठा पूर आला. घरं, पूल, शेतं वाहून गेली. डोंगर उघडे पडले म्हणून पाणी अंगावर आलं, हे गावांनी ओळखलं. तरीही रेणीच्या जंगलातली सुमारे अडीच हजार झाडं लिलावात गेली.

२६ मार्च १९७४. जमिनीची भरपाई घ्यायला गावातले पुरुष चमोलीला गेले होते. तेवढ्यात ठेकेदाराची माणसं जंगलाकडे निघाली. एका मुलीनं ती पाहिली आणि धावत गौरादेवींना सांगितलं. गौरादेवी गावच्या महिला मंगल दलाच्या प्रमुख. शाळा शिकलेल्या नव्हत्या, तरुणपणीच विधवा झालेल्या. हातातलं काम टाकून २७ बायका-मुली निघाल्या. बंदूक दाखवली तरी हटल्या नाहीत. हे जंगल आमचं माहेर आहे, असं त्यांनी सांगितलं. रात्रभर पहारा दिला. शेवटी मजूर परतले. पुढं सरकारनं समिती नेमली आणि त्या भागातली तोड १० वर्षं बंद झाली.

एकट्या गौरादेवींनी काय केलं असतं? दल आधीच उभं होतं, म्हणून एका हाकेला बायका जमल्या. आपलाही गट उभा आहे. येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एवढं ठरवू या: आपलं गायरान, आपला ओढा, यांवर कोणत्या दिवशी कोणी लक्ष ठेवायचं.