माळ्यावरचं बीड

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा उभ्या आहेत. ओहोटीला किल्ल्यात चालत गेलेल्या अनेकांनी त्यांच्याजवळ फोटो काढून घेतलेला असतो. त्यांच्यावरची इंग्रजी अक्षरं वाचली, की त्या यॉर्कशायरमधल्या लो मूर कारखान्यात ओतल्याचं कळतं. अशा ओतीव लोखंडाला आपण बीड म्हणतो. (मराठवाड्यातल्या बीडशी त्याचं काही नातं नाही.) आपला घावन घालायचा बिडाचा तवा याच जातीचा. पण तोफ गंजली तरी लोक तिला बघायला येतात. तवा गंजला की तो आधी माळ्यावर जातो आणि मग भंगारवाल्याकडे.

विलायती लोखंड बोटीतून येऊ लागलं, त्याआधी आपल्याकडे लोखंड नव्हतं असं मुळीच नाही. महाडच्या वर, महाबळेश्वरच्या डोंगरात धावड लोक जांभ्यातून लोखंड गाळत. जांभा तांबडा दिसतो तोच मुळी लोखंडाच्या गंजामुळे. म्हणजे गंजातून लोखंड काढायचं आणि हवेनं त्याचा पुन्हा गंज करायचा, असा हा जुना खेळ आहे. या भट्ट्यांना कोळसा फार लागे. एकोणिसाव्या शतकात जंगलावर निर्बंध आले, स्वस्त परदेशी लोखंडही आलं आणि भट्ट्या विझल्या.

लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज धरतोच. किनाऱ्यावर त्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. मिठामुळे ही क्रिया झपाट्यानं होते. तांब्यावरचा थर आतल्या धातूला पुष्कळसा सांभाळतो. लोखंडाचा गंज मात्र पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. असं असूनही मुरुड-श्रीवर्धनच्या दमट घरांत तवे पिढ्यान् पिढ्या टिकले, कारण ते रोज चुलीवर चढत. नारळाची शेंडी किंवा अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवला जाई. तापलेल्या तेलाचा पातळ, कडक लेप लोखंडावर बसे आणि पाणी आत शिरायला वाट राहत नसे.

तेलावरून आठवलं. या किनाऱ्यावर तेल गाळणं हा बेने इस्राएल समाजाचा पिढीजात धंदा. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून ते ‘शनवार तेली’. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्राएलला गेले. पुढे घरोघर ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील आलं. १९६८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत ‘निर्लेप’ सुरू झालं आणि न चिकटणारा तवा मराठी घरात शिरला. बिडाच्या तव्याचं रोजचं काम सुटलं, आणि खरा गंज चढला तो तिथून.

माळ्यावरचा असा तवा बहुधा वाचवता येतो. आधी तो उचलून बोटानं टिचकी मारावी. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द आवाज आला तर तडा गेलेला असतो, त्याचा नाद सोडावा. सुटा गंज काथ्या आणि राखेनं घासून काढावा. मग व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात तवा तासभर ठेवावा. रात्रभर ठेवू नये, आम्ल लोखंडही खातं. धुतल्यावर लगेच विस्तवावर कोरडा करावा, कारण आपल्या हवेत काही मिनिटांतच तांबूस झाक परतते. मग जवसाचं किंवा करडईचं तेल चोळून जवळजवळ सगळं पुसून टाकावं आणि धूर येईपर्यंत तवा तापवावा. असं चार-पाच वेळा करावं. खोबरेल इथे कामाचं नाही, ते असं सुकून कडक होत नाही. गरम तव्यावर गार पाणी ओतू नये, बीड तडकतं. भांड्यावर जुना रंग किंवा जस्ताचा मुलामा असेल, तर ते स्वयंपाकाला घेऊच नये.

एवढा खटाटोप कशासाठी? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. इथिओपियात मुलांवर झालेला एक अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्यात ॲल्युमिनियमपेक्षा लोखंडी भांड्यात शिजवलेलं खाणाऱ्या मुलांमध्ये रक्तक्षय कमी दिसला. डॉक्टरांच्या गोळ्यांची जागा तवा घेणार नाही, हे खरं. पण रोजच्या अन्नातून थोडं लोह फुकट मिळत असेल तर ते भंगारात का घालावं? कोकम-चिंचेचं आंबट मात्र लोखंडी कढईत फार वेळ ठेवू नये. लेप निघतो, चव बिघडते आणि आमटी काळी पडते.

विळीची गोष्ट निराळी. पातं लाकडी पाटात बसवलेलं, त्यामुळे ती भिजत घालता येत नाही. ओलसर राखेनं घासावी, खवणीचे दाते जुन्या टूथब्रशनं साफ करावे आणि लगेच पुसून खोबरेलाचा हात फिरवावा. विळी काही आगीवर चढत नाही, तिला तेवढं पुरतं. शिवाय रोज नारळ खवला, तर त्या दात्यांना वेगळं तेलही लावावं लागत नाही.