यूव्ही टॉर्चने ढेपेतलं विष दिसतं का?

शेंदूरजनाघाट म्हटलं की संत्र्याची कलमं आठवतात, पण गावात गोठेही आहेत आणि गोठ्यात सरकीची ढेप लागतेच. पावसाळ्यात ढेपेला बुरशी आली की मला गावाकडून हमखास विचारणा होते: ऑनलाइन मिळणारी यूव्ही टॉर्च मारून विष कळेल का? माझं उत्तर: टॉर्च इशारा देते, निकाल देत नाही.

इथलं मुख्य विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या वर टर्की पक्षी मेले. शोध घेतला तेव्हा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत ते सापडलं. अतिनील प्रकाशात याचे काही प्रकार निळे चमकतात, काही हिरवे. बी आणि जी ही नावं ब्लू-ग्रीनवरूनच पडली.

मग टॉर्च का पुरत नाही? कारण मक्यात किंवा सरकीत दिसणारी हिरवट-पिवळी चमक बहुधा अफ्लाटॉक्सिनची नसतेच. बुरशी कोजिक आम्ल तयार करते, त्यावर दाण्यातल्या एन्झाइमची क्रिया होते आणि चमकणारं वेगळंच द्रव्य बनतं. म्हणजे इथे बुरशी वाढली होती, एवढंच कळलं. चमक आहे पण विष नाही, विष आहे पण चमक नाही, असं दोन्ही होतं. आमच्या भाषेत फॉल्स पॉझिटिव्ह आणि फॉल्स निगेटिव्ह. गोठ्यात दुसरा जास्त महागात पडतो.

प्रमाणही बघा. पशुखाद्यात बी१ ची मर्यादा २० पीपीबी, म्हणजे एका टनात फक्त २० मिलिग्रॅम! इतकं कमी विष निअर-इन्फ्रारेड कॅमेऱ्यालाही थेट दिसत नाही. तो बुरशीने बदललेल्या दाण्याची खूण ओळखतो, बाकी अंदाज मॉडेलचा. दाणे निवडायला ही यंत्रं उत्तम, निकालाला नाही. प्रयोगशाळेत मात्र नमुना दळून, विष द्रावकात उतरवून, एचपीएलसीने वेगळं करून मग त्याची चमक मोजतात. प्रकाशाचीच युक्ती, फक्त आधी बाकीचं सगळं बाजूला काढलेलं.

गाईने खाल्लेलं बी१ दुधात एम१ होऊन उतरतं आणि दूध उकळून ते जात नाही. एफएसएसएआयच्या २०१८ च्या सर्वेक्षणात ६,४३२ पैकी ३६८ नमुन्यांत एम१ मर्यादेबाहेर निघालं.

तपासणीला पाठवताना एकाच कोपऱ्यातली मूठ देऊ नका. विष ढिगात सारखं पसरलेलं नसतं. बऱ्याच पोत्यांतून, वरून-मधून-खालून थोडं थोडं घ्या आणि एकत्र करा. आणि बुरशी डोळ्यांना दिसतच असेल, तर टॉर्च शोधत बसू नका, ती ढेप जनावरापुढे टाकूच नका.